आबांनी न फोडलेली गिटार

आबांना रागावता येत नाही, ही त्यांच्या बायकोची जन्मभराची तक्रार होती. आबा सुतार. गिऱ्हाइकाने कपाटाचं माप पुन्हा पुन्हा बदललं तरी म्हणायचे, "हरकत नाही, अजून कापलं कुठंय?" आणि कापलेलं असायचं. शेजाऱ्याने करवत मागून नेली आणि खिळ्यावर चालवून तिचे दात पाडून परत आणली, तर आबांनी उलट त्यालाच विचारलं, "तुला कुठं लागलं नाही ना?" घरात आवाज चढायचा तो मुलांच्या आईचा. ती स्वयंपाकघरातून ओरडली की रस्त्याने जाणारा परका माणूससुद्धा आपलं काही चुकलं का म्हणून क्षणभर थांबायचा. "अहो, तुम्ही एकदा तरी ओरडा की!" ती म्हणायची. "निदान शेजाऱ्यांना कळू दे, या घरात तुम्हीपण राहता." बायकोचा शब्द मोडायचा नाही म्हणून आबा छाती भरून श्वास घ्यायचे, तोंड उघडायचे, आणि त्यांना ठसका लागायचा.

घराच्या मागच्या अंगाला पत्रे टाकून केलेली खोली हेच त्यांचं जग. भिंतीला टेकून उभ्या केलेल्या फळ्या, खिडकीशी कामाचा जाडजूड बाक, डब्यात सरस आणि सगळीकडे भुसा. आबांच्या भुवयांतसुद्धा भुसा. इथे एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आबांनी जोडलेलं लाकूड सुटत नसे. एका गिऱ्हाइकाचं टेबल घर बदलताना जिन्यावरून गडगडत खाली गेलं, तर जिन्याचा कठडा मोडला आणि टेबल खाली चारी पायांवर उभं. दोन भावांनी भांडून वाटण्या केल्या, त्यांना आबांनी केलेला पलंग काही केल्या सुटा करता येईना, शेवटी तो बहिणीला देऊन टाकला. आबांना याचा गर्व होता का? होता. माणूस कितीही साधा असला तरी गर्व कुठेतरी ठेवावाच लागतो. आबांनी तो सांध्यात ठेवला होता.

मुलं दोन. थोरली ताई, तिने आईचा आवाज घेतला. धाकटा चिमणा. पुढे या चिमण्याने केस खांद्यापर्यंत वाढवले, काळं जाकीट चढवलं, आणि गच्च भरलेल्या मैदानांपुढे गिटार घेऊन असा काही किंचाळायला लागला की लोक त्याला 'वादळ' म्हणू लागले. पोस्टरवर वादळ, रेडिओवर वादळ. घरी मात्र दाढी पांढरी झाली तरी, "चिमण्या, पाय पुसून ये आत."

त्याची पहिली गिटार आबांनीच केली होती. शाळेत असताना दुकानाच्या काचेमागची गिटार पाहून आला आणि जेवेना. आईने निकाल दिला, "आधी अभ्यास, मग टणटण." आबा जाऊन त्या काचेसमोर उभे राहू लागले आणि डोळ्यांनी मापं घेऊ लागले. हा माणूस चोरीच्या विचारात आहे, असं दुकानदाराने पक्कं धरलं होतं. मग कपाटाच्या उरलेल्या दारातून अंग आणि पलंगाच्या दांडीतून मान, अशी एक गिटार तयार झाली. दिसायला कपाटाची धाकटी बहीण. वजन असं की चिमण्याचा डावा खांदा आजही जरा खाली आहे. आवाजही कपाटातून आल्यासारखाच यायचा, पण यायचा.

एका संध्याकाळी चिमणा ती घेऊन मित्रांपुढे वाजवायला गेला. मित्र हसले. एकाने तर, हिचं दार कुठून उघडतं, कपडे ठेवायचेत, असं विचारलं. चिमणा घरी आला, खोलीचं दार लावून घेतलं, आणि गिटार मानेला धरून पलंगाच्या कोपऱ्यावर आपटली. मग पुन्हा आपटली. मग रडत रडत आपटत राहिला. ती तुटेना. भिंतीपलीकडे आबा रंधा मारत होते. त्यांनी हात थांबवला, ऐकलं, आणि पुन्हा रंधा सुरू केला, या वेळी जरा जोरात, म्हणजे स्वयंपाकघरात काही ऐकू जाऊ नये. सकाळी चिमणा शाळेत गेल्यावर त्यांनी गिटार उचलली, ठेचलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, तेवढ्या जागी लाकडाचा तुकडा बसवला, घासला आणि गिटार होती तिथे ठेवून दिली. चिमण्याने घरी आल्यावर कोपरा पाहिला. ती पडली असेल असं आबांना वाटलं असणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आबांनी ती समजूत मोडली नाही. बापलेकांत हा विषय पुन्हा म्हणून निघाला नाही.

तर अशा या वादळावर सिनेमा निघायचं ठरलं. आई तोवर राहिली नव्हती. ती असती तर पटकथा तिनेच लिहून घेतली असती.

ताईने असले सिनेमे भरपूर पाहिले होते. ती आबांना समजावून सांगायला बसली. "आबा, रॉकवाल्यांच्या पिक्चरांत सगळं ठरलेलं असतं बघा. लहानपणी घरात कुणाला गाणं आवडत नाही. आई दारात उभी राहून रडते. मग हिरो भर पावसात बसून एका दमात गाणं लिहितो. मग नाव होतं. मग बाटली येते. मग बायको बॅग भरते. मग सगळं संपलं असं वाटतं, आणि शेवटी एक मोठ्ठा कार्यक्रम, त्यात बाप गर्दीत मागे उभा राहून डोळे पुसतो."

"आणि सुतारकाम कधी येतं?" आबांनी विचारलं.

"ते नसतं."

खरं सांगायचं तर यातलं काहीच आपल्या वादळाला लागू नव्हतं. पहिलं गाणं त्याने न्हाणीघरात बसून, कितीतरी महिने खोडत खोडत लिहिलं होतं, कारण तिथे आवाज घुमायचा. बाहेर ताई दार बडवत असायची. दारू त्याला सोसतच नाही, पित्त खवळतं. बायको एकदाच बॅग भरून गेली, ती बहिणीच्या बाळंतपणाला. पण पित्तावर सिनेमा निघत नाही, हे काय सांगायला हवं?

एके दिवशी सिनेमाच्या कलाविभागातला माणूस आबांच्या खोलीत आला. त्याला ती पहिली गिटार हवी होती, हुबेहूब तशीच, आणि एक नव्हे, बऱ्याच. "आणि आबा, त्या तुटल्या पाहिजेत. एका फटक्यात."

"तुटायच्या आहेत तर करायच्या कशाला?"

"सीन आहे. रॉकवाले फोडतातच की गिटारी."

हे आबांना पटलं. चिमण्याच्या बरोबरीची मंडळी स्टेजवर चांगल्या चांगल्या गिटारी फोडतात, हे त्यांनी ऐकलं होतं आणि मनातल्या मनात हळहळलेही होते. त्यांनी काम घेतलं. खरं तर त्यांना आनंदच झाला. लेकाच्या सिनेमात आपल्या हातचं काहीतरी असणार!

पाठोपाठ आला नट. हा सिनेमात आबांचं काम करणार होता. धिप्पाड, पडद्यावर झुपकेदार मिशा लावणारा, आजवर सगळ्या सिनेमांत खलनायक. प्रत्यक्षात इतका मऊ माणूस की दारातल्या मांजरीला ओलांडायच्या आधी तिची परवानगी घ्यायचा. आबांसारखं चालायला, बसायला, रंधा धरायला शिकायचं म्हणून तो बाकाशी उभा राहिला. आबा त्याला शिकवू लागले. "ढकलू नका. नुसता जाऊ द्या." दोघांचं मस्त जमलं.

"आबा, तुम्ही चिडलात की काय करता?" नटाने विचारलं.

"पॉलिश पेपर घेतो."

"म्हणजे?"

"घासत बसतो."

नट विचारात पडला. "मग गिटार कशी फोडलीत?"

आबांच्या हातातला रंधा थांबला. ताई चहा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. आपलं काहीतरी चुकलंय हे नटाच्या लक्षात आलं, पण आता काय उपयोग? त्याने खिशातून पटकथेचं पान काढून वाचून दाखवलं. बाप दारूच्या वासात घरी येतो. मुलाच्या हातातून गिटार हिसकावतो. 'माझ्या घरात ही थेरं चालणार नाहीत!' असं गरजतो. आई दारात रडते. आणि बाप गिटार पलंगाच्या कोपऱ्यावर आपटून तिचे तुकडे करतो.

"पलंगाच्या कोपऱ्यावर?" आबांनी विचारलं.

"हो, असंच लिहिलंय."

पलंगाचा कोपरा जगात दोघांनाच ठाऊक होता.

नट गेल्यावर ताईने तोंड सोडलं. आई परत आली की काय, असं वाटावं इतकं. "मी आत्ता फोन लावते त्याला! वादळ झालाय म्हणे! आबा, अहो सगळं जग बघणार, नातवंडं बघणार! आणि आई रडते दारात? आपली आई? ती कधी दारात उभी राहून रडली? ती दारात उभी राहिली की दुसरे रडायचे!"

"राहू दे," आबा म्हणाले. "त्याचा पिक्चर आहे. त्याला आठवतं तसं करू दे."

पण आबांना लागलं. फार लागलं. लोक काय म्हणतील याचं त्यांना काही नव्हतं. पोराने गिटार आपटली त्याचंही त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या वयात माणूस लाकडावर राग काढतो, लाकूड सोसतं. पण आता, दाढी पांढरी झाल्यावर, थंड डोक्याने, त्याने ते बापाच्या नावावर ढकललं? विचारावं तरी कसं? विचारलं तर चिमणा खरं सांगेल, एवढी खात्री होती, आणि भीती त्याचीच होती. ते पॉलिश पेपर घेऊन बसले आणि जेवायला हाक येईपर्यंत एकाच फळीवर घासत राहिले. ती फळी पुढे कशाच्याच उपयोगाची राहिली नाही.

काम मात्र कबूल केलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आबा कच्चा सांधा करायला बसले. मानेत आतून करवतीने खाच घेतली, सरस नेहमीपेक्षा कमी लावला, आणि सोडून दिलं. मग ती मान इतकी केविलवाणी वाटली की बोटभर सरस अजून लावला. फक्त बोटभर. प्रत्येक गिटारीला. आपण अगदी कुचकामी माल देतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. ताईला अजूनही शंका आहे की त्यांनी मुद्दाम केलं. मी आबांना ओळखतो. मुद्दाम नाही. त्यांचा कच्चेपणाचा अंदाजच चुकला, कारण त्यांना त्याची सवय नव्हती.

चित्रीकरणाच्या दिवशी ताई त्यांना हट्टाने घेऊन गेली. एका भल्यामोठ्या गोदामात आबांचं घर उभं केलं होतं. भिंती कुबट, दिवा मिणमिणता, आणि सुताराच्या खोलीत एवढी थोरली करवत टांगलेली की तिने झाडं नव्हे, माणसंच कापत असावेत. आईचं काम करणारी बारीकशी नटी दारात उभी राहून रडण्याचा सराव करत होती. तिला पाहून ताईने कपाळाला हात लावला. चिमणा एका खुर्चीवर बसला होता, वादळाच्या जाकिटात. आबांना बघून तो उठला, काहीतरी बोलायला गेला आणि नुसतंच म्हणाला, "चहा घेतलात?"

दिग्दर्शक बाईंनी इशारा केला. नट मिशा थरथरवत आत आला, गिटार हिसकावली, गरजला आणि पलंगाच्या कोपऱ्यावर आपटली.

धप्प.

गिटारीला काही झालं नाही. "पुन्हा!" बाई म्हणाल्या. धप्प. पलंगाची फळी निघाली. दुसरी गिटार आणली. तिसरी आणली. नट घामाघूम झाला, त्याची एक मिशी सुटून लोंबू लागली, तो आता खरोखरच चिडला होता, आणि तरी धप्प. शेवटी सेटच्या भिंतीचा टवका उडाला. दारात रडायची ती नटी हसू आवरेना म्हणून पाठ फिरवून उभी राहिली. दिवेवाले तोंडावर हात धरून होते.

आबांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिलेलं काम चुकलं होतं! ते घाईघाईने पुढे झाले. "बाई, माफ करा, माझीच चूक. एक पटाशी द्या कुणीतरी, मी आत्ता सैल करून देतो." आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून त्यांनी गिटार पुढ्यात घेतली. सैल करायच्या आधी, सवयीने, ठेचलेल्या कोपऱ्यावरून त्यांचा अंगठा फिरला.

"थांबा!" चिमणा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता, आणि तो त्याच्या गाण्यातला फाटका आवाज नव्हता. "आबांनी नाही फोडली. मी आपटली होती."

चिमणा आबांसमोर जमिनीवर बसला. "मी यांना खरं तेच सांगितलं होतं, आबा. पहिल्याच दिवशी. लेखक म्हणाला, हिरोने बापाने केलेली गिटार आपटली तर लोकांना हिरो आवडणार नाही. बापाने आपटली तर लोक रडतील. मी नको म्हणायला हवं होतं. तसं म्हटलं नाही. लाज वाटली मला, तेव्हाची पण आणि आताची पण."

म्हणजे त्याने आधी खरं सांगितलं होतं. इतके दिवस आबांच्या छातीवर ठेवलेली फळी कुणीतरी उचलून बाजूला केली.

"मला माहीत होतं रे," ते म्हणाले.

"काय?"

"तू आपटलीस ते. मी भिंतीपलीकडेच होतो. आणि पलंगाला खाच पडली होती. पलंगपण मीच केला होता ना."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुझ्या आईपर्यंत गेलं असतं. तिने तुला आपटलं असतं, त्याच कोपऱ्यावर."

ताई फिसकन हसली आणि मग डोळे पुसायला लागली. दिग्दर्शक बाई मात्र एकदम उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे डोळे चमकत होते. "अहो, हेच घेऊ या! हे कितीतरी चांगलं आहे! मुलगाच गिटार आपटतो. बापाने केलेली गिटार! तिचे तुकडे तुकडे होतात, ते तुकडे हळूहळू हवेत उडतात, आणि मागून संगीत..."

"तुटली नाही ती!"

कोण ओरडलं ते पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. गोदामाच्या पत्र्यावरून आवाज फिरून परत आला. वर शिडीवर बसलेल्या दिवेवाल्याने घाबरून दांडा घट्ट धरला. आबा उभे होते, हातात पटाशी, मान ताठ. "काहीही दाखवा. मला दारुड्या दाखवा, पोरांच्या आईला रडकी दाखवा. पण गिटार तुटली नाही! पोराने जीव खाऊन आपटली आणि तरी तुटली नाही ती!"

मग त्यांना ठसका लागला, पण तो उशिरा आला होता. कोपऱ्यातून नट लोंबती मिशी सावरत टाळ्या वाजवू लागला. "आता कळलं मला, आबा कसे चिडतात ते!"

सिनेमा लागला तेव्हा सगळं घर बघायला गेलं. पुढचं बरंचसं ताईने सांगितल्यासारखंच होतं. पाऊस आला, त्यात एका दमात गाणं झालं, बाटली आली, बॅग भरली गेली. चिमणा अंधारात कुजबुजला, "इथे खरं तर मला पित्त झालं होतं." त्याच्या बायकोने त्याला चिमटा काढला.

पण त्याच्या आधी, पहिल्या भागात, तो सीन होता. शाळकरी पोरगा रडत रडत गिटार आपटतो. दमतो. खाली बसतो. दारात झुपकेदार मिशांचा बाप येऊन उभा राहतो. पोरगा मान खाली घालून म्हणतो, "मी तोडली." आणि बाप ओरडतो, एकदाच, "तुटली नाही ती!" मग तो शेजारी बसतो आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवतो. थिएटरमध्ये कुणीतरी नाक ओढलं.

आबांनी ताईला कोपराने ढोसलं. "या नटाचा आवाज एवढा मोठा आहे? त्या दिवशी तर नव्हता."

"त्याचा नाही, आबा. तुमचा आहे. त्या दिवशी माइक चालू होता. बाईंनी तोच ठेवला."

आबा पडद्याकडे बघत राहिले. मग अंधारात चाचपडत त्यांनी चिमण्याचा हात शोधला आणि धरला.

"चिमण्या," ते हळूच म्हणाले, "तुझ्या आईने ऐकायला हवं होतं रे."